आध्यात्मिक ऱ्हास प्रतिबंधक समिती

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी 'हळूहळू' या एका शब्दावर सलग पाच रविवार उपदेश केला. एका शब्दावर पाच रविवार! एवढ्या अवधीत आमच्या खात्यातली फाईल मुंबईला जाऊन सही न होता परत येते. त्यांचं म्हणणं असं, की कुठलंही ख्रिस्ती कुटुंब एका दिवसात देवापासून लांब जात नाही. आधी जेवणापूर्वीची प्रार्थना आखूड होते. मग ती फक्त पाहुणे असले तरच होते. मग रोजची घरची उपासना शनिवारवर जाते, शनिवारची रविवारवर, आणि रविवारी काय, चर्चला जाऊन आलोच की! घर तेच, भिंतीवरचं बायबलचं वचन तेच, त्याची काचसुद्धा पुसलेली, आणि आतली माणसं मात्र हळूहळू... असं म्हणून ते थांबायचे आणि नेमके वडिलांच्या बाकाकडे बघायचे.

वडिलांचा बाक म्हणजे म्हाताऱ्यांचा बाक नव्हे. मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, कारभार बघायला जी माणसं निवडून देतात त्यांना आमच्यात 'वडील' म्हणतात. मी, शमुवेल रणभिसे, गेली आठ वर्षं मंडळीचा वडील आहे. एका सरकारी खात्यात हेडक्लार्क आहे. म्हणजे कारभार या विषयात मला कोणी शिकवायची गरज नाही. तरीही पाचव्या रविवारी पाळकसाहेब थांबले ते माझ्याकडेच बघून थांबले. माझ्या शेजारी गणपतराव आवळे उघड्या डोळ्यांनी झोपले होते. त्यांच्याकडे बघायला काय हरकत होती?

त्या दिवशी उपासनेनंतर वडिलांची सभा झाली. पाळकसाहेबांचं नाव रेव्हरंड धैर्यशील चोपडे. वय पस्तीस, आवाज मऊ. रागावत कधी नाहीत, आणि हा त्यांचा सर्वांत संतापजनक गुण आहे. ते म्हणाले, "फार काही करायचं नाही. आपण कुटुंबांच्या घरी जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, सगळ्यांना घेऊन प्रार्थना करायची. एवढंच."

"एवढंच?" मी उभा राहिलो. "ऱ्हास होतोय म्हणता. मग आधी किती होतं आणि आता किती उरलंय, याची नोंद कुठंय? नोंदीशिवाय ऱ्हास सिद्ध कसा करणार?"

आमच्या सभेत ज्याला प्रश्न सुचतो त्यालाच काम देतात. दहा मिनिटांत 'आध्यात्मिक ऱ्हास प्रतिबंधक समिती' स्थापन झाली, अध्यक्ष मी. सदस्य म्हणून गणपतराव, कारण त्यांच्याकडे स्कूटर आहे.

घरी येऊन मी पार्किंगमध्ये उभा होतो तर तळमजल्यावरचे हंबीरराव पाटील बाहेर आले. वारणानगरात साखर कारखान्यावर उभी हयात काढलेला माणूस. यंत्रांच्या आवाजात बोलायची सवय लागली, ती रिटायर झाल्यावरही गेलेली नाही. त्यांना काहीही न सांगता सगळं कळतं, आणि कळलं की ते सल्ला देतात.

"फारम काढा, रणभिसे!" ते म्हणाले. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. "फारमाशिवाय माणूस खरं बोलत न्हाय. फारमावर बी बोलत न्हाय, पर सही तर करतोय की!"

हे मला आधीच सुचलेलं होतं. पण आता फॉर्म काढला तर तो हंबीररावांनी सुचवला असं होणार, याचा मला तेव्हापासून राग आहे.

तेवीस प्रश्नांचा फॉर्म मी स्वतः तयार केला. घरात शास्त्रवाचन होते काय? होत असल्यास कोण वाचतो व कोण ऐकतो? जेवताना मोबाईल बाजूला ठेवतात काय? अकरावा प्रश्न मला विशेष आवडला होता : घरात एकमेकांची माफी शेवटची केव्हा मागितली? आणि सतरावा होता : कुटुंबातील किती जण ख्रिस्ताकडे परत येण्यास तयार आहेत? अंदाजे तारीख द्यावी. तारखेशिवाय माणूस कुठलंही काम करत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव.

छपाईसाठी लाईन बाजारात पारसकडे गेलो. हुशार पोरगा, पण मराठी टायपिंगवर त्याचा स्वतःचा कायदा चालतो. म्हणाला, "काका, ह्यो 'ऱ्हा' आमच्या कॉम्प्युटरात फुटतोय."

"मग सांध."

त्यानं सांधला. दोनशे प्रती हातात आल्या आणि वर ठळक अक्षरांत छापलेलं होतं : 'आध्यात्मिक रस प्रतिबंधक समिती'. ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात जो काही आध्यात्मिक रस शिल्लक असेल तो आम्ही घरोघर जाऊन थांबवणार, असा अर्थ! मी पारसला म्हटलं, "अरे, हे काय केलंस?" तो म्हणाला, "वाचायला सोपं झालं की, काका."

दोन दिवस बसून मी लाल पेननं दोनशे 'रस' दुरुस्त केले. मान आखडली. आणि मथळा दुरुस्त करायच्या नादात सतराव्या प्रश्नातला 'परत' हा शब्द छापायचाच राहिलाय, हे माझ्या लक्षात आलं नाही. एवढंसं तीन अक्षरांचं. पुढं जे रामायण घडलं ते या तीन अक्षरांनी घडवलं.

पहिलं घर भंडाऱ्यांचं. आम्ही येणार हे आधी कळवलेलं, त्यामुळे सगळं कुटुंब सोफ्यावर ओळीनं बसलेलं, जशी मुलगी दाखवायला आणलीय आणि मुलगी कोण हे अजून ठरायचंय. पाच मोबाईल टीपॉयवर पालथे घातलेले. ते पालथ्या अवस्थेत थरथरत होते आणि प्रत्येक थरथरीला एकेकाचा चेहरा हलत होता. मी विचारलं, "घरची उपासना रोज होते?"

"रोज," भंडारे म्हणाले.

त्यांची सात वर्षांची नात म्हणाली, "आज्जी म्हणाली, काका आले की करायची."

मग उपासना झाली. प्रार्थना भंडाऱ्यांनी अशी वेगात म्हटली की 'आमेन' ऐकू आलं तेव्हा माझे डोळे अजून मिटायचे होते.

दुसरं घर सातपुत्यांचं. तिथं तिसऱ्या प्रश्नावरच अडलं. सातपुते 'होय' म्हणाले आणि त्यांच्या बायकोनं विचारलं, "केव्हा?" एवढाच शब्द. त्यावरून दोघं वीस मिनिटं भांडली. विषय शास्त्रवाचनावरून सुरू झाला आणि गॅसच्या रेग्युलेटरवरून सासूबाईंच्या आजारपणावर गेला. निघताना सातपुते मला जिन्यात गाठून म्हणाले, "आमच्या घरात शांतता होती, साहेब. आम्ही महिनाभर एकमेकांशी बोललो नव्हतो. तुमच्या समितीनं घालवली."

मग चिमणाबाई. ऐंशीच्या पुढं वय, कसबा बावड्यात दोन खोल्यांत एकट्या राहतात. मुलं पुण्याला. आमच्या फॉर्ममधले सगळे प्रश्न कुटुंबासाठी, आणि इथं कुटुंबच नाही. तरी मी नियमाप्रमाणे विचारलं, "आजी, उपासनेला एकत्र कोण कोण बसतं?"

"मी आणि तो."

"तो कोण?"

"अरे, देव! दुसरा कोण येतोय इथं?" आणि त्यांनी माझ्या अंगावर खेकसून विचारलं, "तू तरी गेल्या वर्षभरात आलास काय?"

यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. गणपतरावांनी थोडा विचार करून 'उपस्थिती : दोन' असं लिहिलं. मी चिडून त्यांना जिन्यात म्हटलं, "असं चालत नाही." ते म्हणाले, "मग खोड." मी खोडलं नाही. का, ते विचारू नका.

इथपर्यंत सगळं ठीक म्हणायचं. पण मी प्रत्येक प्रश्नाला एक गुण ठेवला होता. फक्त कार्यालयीन माहितीसाठी. गोपनीय! आणि गणपतरावांनी ते गुण चर्चच्या आवारात चहा पिता पिता भंडाऱ्यांना सांगितले. एका तासात मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोफा सुरू झाल्या. 'भंडाऱ्यांना एकोणीस आणि आम्हाला सतरा? ते रविवारी मॅच असली की आजारी पडतात, हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे.' 'आम्ही तीन पिढ्या घंटा वाजवतोय, त्याला किती गुण?' 'पुनर्तपासणीची सोय आहे काय?' सर्वांवर कडी म्हणजे, चिमणाबाईंना तेवीसपैकी पाचच गुण मिळाले हे कळल्यावर महिला मंडळानं माझ्या निषेधाचा ठराव केला. त्या ठरावावर माझ्या बायकोची सही होती. सूचक म्हणून.

"तू?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारलं.

"मग काय करू?" नामी म्हणाली. तिनं कुकरकडेच बघत म्हटलं, "ती म्हातारी सगळ्या मंडळीसाठी रोज पहाटे नावं घेऊन प्रार्थना करते. तिला पाच?"

मी म्हटलं, गुण नियमाप्रमाणे आहेत. कुकरची शिट्टी झाली. चर्चा तिथंच संपली. आमच्या घरात बहुतेक चर्चा कुकरच्या शिट्टीवर संपतात.

आता खरं संकट. गणपतरावांना मी उरलेले फॉर्म वाटायला दिले होते. नागाळा पार्कात एका घराचा नंबर चौदा-ब होता. गणपतरावांनी चौदा-अ मध्ये फॉर्म टाकला. चौदा-अ मध्ये राहतं एक शेतकरी मराठा कुटुंब, गाव हातकणंगल्याकडं, घरात रोज देवपूजा होणारं, सरळ मार्गी. त्यांनी लिफाफा उघडून वाचलं : 'कुटुंबातील किती जण ख्रिस्ताकडे येण्यास तयार आहेत? अंदाजे तारीख द्यावी.'

त्यांच्या जागी मी असतो तर मीही भडकलो असतो. हे मी आज म्हणतोय. तेव्हा म्हणायच्या मनःस्थितीत नव्हतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव आमच्या दारात उभे होते आणि त्यांच्या हातातल्या मोबाईलवर माझा फॉर्म होता. लाल पेनच्या दुरुस्तीसकट आणि खाली अध्यक्ष म्हणून छापलेल्या माझ्या नावासकट.

"रणभिसे! तुमचा कागद जयसिंगपूरला आमच्या साडूकडं पोचलाय! त्यो इचारतोय, ह्यो शमुवेल रणभिसे कोण? मी म्हटलं, वरच्या मजल्यावर ऱ्हातोय, गरीब माणूस हाय!"

गरीब माणूस! तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या, मंडळीच्या वडिलाची ही ओळख!

अकरा वाजता पोलीस ठाण्यातून फोन आला. 'जरा येऊन जावा.' मी ऑफिसला अर्धी रजा टाकली, गणपतरावांना बोलावलं. हंबीरराव न बोलावता आले. सांगत होतो येऊ नका म्हणून. "एकटं जायाचं न्हाय असल्या ठिकाणी," ते म्हणाले आणि रिक्षात माझ्या आधी बसले.

फौजदारसाहेब तरुण होते. टेबलावर माझा फॉर्म होता. ते नम्रपणे बोलले, त्यामुळे मला जास्त अपमान वाटला.

"हे तुम्हीच काढलंय?"

"होय."

"ही तारीख कसली मागितलीय?"

"साहेब, तिथं 'परत' होतं. परत येण्यास तयार आहेत, असं. छापताना राहिलं."

"परत कुठनं?"

"जिथं गेलेत तिथनं."

"कुठं गेलेत?"

"कुठंच नाही, साहेब. घरातच आहेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, सरळ सांगा. तुम्ही लोकांना ख्रिस्ती करायला निघालाय का नाही?"

"निघालोय, साहेब," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. सहा दिवसांचा राग होता तो. "पण ख्रिस्ती लोकांना! आमच्याच माणसांना! एकशे चाळीस घरं आहेत आमची आणि त्यातली माणसं ख्रिस्ती होता होत नाहीत! दुसऱ्यांकडे बघायला आम्हाला सवड कुठंय?"

फौजदारसाहेब गणपतरावांकडे वळले.

"तुमचं नाव?"

"गणपतराव आवळे."

"तुम्ही पण ह्यांच्यातलेच?"

"चौथी पिढी."

"आणि तुमच्या पाळकांचं नाव?"

"धैर्यशील."

फौजदारसाहेबांनी कपाळ चोळलं. तेवढ्यात हंबीररावांना राहवलं नाही. खुर्चीवरून उठून, कारखान्याच्या आवाजात, ते म्हणाले, "साहेब, मी ह्यांच्या खालीच ऱ्हातोय. बारा वर्सं झाली, ह्यो माणूस मला पटवाय लागलाय, की पार्किंगमधी गाडी तिरकी लावू नका. मी अजून तिरकीच लावतोय! ह्यो कुणाचा धरम बदलणार?"

ठाण्यातला हवालदार तोंड वळवून हसला. मला सांगा, या वाक्यानं माझी सुटका झाली यात आनंद मानायचा की दुःख? मी घरापासून ठाण्यापर्यंत आणि ठाण्यापासून घरापर्यंत त्याचा विचार केला. अजून ठरलेलं नाही.

फौजदारसाहेबांनी माझा लेखी खुलासा घेतला, चौदा-अ मध्ये जाऊन माफी मागायला सांगितलं आणि फॉर्म परत द्यायला म्हणून उचलला. पण दिला नाही. वाचत राहिले. मग म्हणाले, "हा अकरावा प्रश्न. घरात माफी शेवटची केव्हा मागितली. ह्याला किती जणांनी उत्तर दिलं?"

"कुणीच नाही, साहेब. सगळ्यांनी मोकळं सोडलं."

"हं," ते म्हणाले, आणि फॉर्म माझ्या हातात दिला. ठाण्यातून निघून चौदा-अ मध्ये गेलो, तर त्या लोकांनी आम्हाला चहा दिला. माफी मागताना माझी मान खाली होती, तेवढ्यात त्या घरच्या आक्कांनी विचारलं, "आमच्या घरात बी कोण एकत्र जेवत न्हाय. तुमच्या कागदावर त्याला काय उपाय हाय काय?" उपाय नव्हता. कागदावर फक्त प्रश्न होते.

संध्याकाळी वडिलांची तातडीची सभा. मी राजीनामा लिहूनच नेला होता, म्हणजे सगळ्यांनी तो नको म्हणावं म्हणून. कुणी विषयच काढला नाही. पाळकसाहेब रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. ते म्हणाले, "शमुवेलराव, मी म्हटलं होतं, जाऊन बसा. तुम्ही तपासणी केलीत. आता कागद बाजूला ठेवू. लोकांच्या घरी जाण्याआधी आपण वडिलांनी एकमेकांच्या घरी जाऊ. गुरुवारी गणपतराव तुमच्याकडे येतील."

गुरुवारी सहा वाजता गणपतराव आले. हातात फॉर्म!

"कागद बाजूला ठेवायचाय ना?" मी म्हटलं.

"मला कागदाशिवाय सुचत नाही. सवय तूच लावलीस," असं म्हणून ते माझ्या खुर्चीत बसले. आमच्यात नमस्काराऐवजी करतात तो सलाम वगैरे झाला. नामीनं चहा आणि चिवडा ठेवला. आमची मुलगी शॅरन कागलच्या एमआयडीसीतून नुकतीच आली होती. ती पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसली. मी नामीला आधीच बजावून ठेवलं होतं, की 'रोज' म्हणू नकोस, खोटं होईल, 'बहुधा' म्हण.

गणपतरावांनी चष्मा लावला. "घरात एकत्र उपासना होते काय?"

"नाही," नामी म्हणाली.

नुसतं नाही! 'बहुधा नाही' सुद्धा नाही!

"केव्हापासून?"

"आठ वर्षं झाली. हे मंडळीचे वडील झाले तेव्हापासून." ती शांतपणे सांगत होती. तिला पाठ होतं. "सोमवारी अर्थ समिती. मंगळवारी कब्रस्तानाची. बुधवारी प्रार्थनासभा, तिथं हे सूत्रसंचालन करतात. शुक्रवारी बांधकाम. आम्ही दोघी आधी थांबायचो यांच्यासाठी. मग शॅरन झोपायला लागली. मग मी एकटीच बसायला लागले, इथं, ओट्यापाशी."

"नामी," मी म्हटलं, "हे सगळं देवाचंच काम..."

"मंडळीचे वडील झालात हो," ती म्हणाली. "शॅरनचे राहिला नाहीत."

गणपतरावांचं पेन हवेत होतं. मी शॅरनकडे बघितलं, ती काहीतरी सौम्य बोलेल म्हणून. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही जेव्हा कधी करता ना, तेव्हा प्रार्थना नसते ती. सूचना असतात. 'प्रभू, शॅरनला वक्तशीरपणा दे.' मी ऐकतेय समोर बसून! मला डायरेक्ट सांगा की. दोन वर्षं मी प्रभुभोजनाच्या आधीच उठून जाते, एकदाही घेतलं नाही. तुम्ही पुढच्या बाकावर असता. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

दोन वर्षं. एकशे चाळीस घरांत प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, कोण घेतं आणि कोण टाळतं, याची यादी माझ्या कपाटात आहे.

मी उठून गॅलरीत गेलो. संताप संताप झाला होता. परक्या माणसासमोर! चिवडा खात बसलेल्या माणसासमोर! खाली हंबीरराव पाईपनं झाडांना पाणी घालत होते. वर बघून म्हणाले, "काय रणभिसे, लई गरम हाय आज!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सल्ला सुचला नाही, कारण त्यांनी माझा चेहरा बघितला आणि पाईप बंद करून आत गेले.

मी परत आत आलो. कुणी हललं नव्हतं. गणपतरावांनी फॉर्म खिशात ठेवला होता. "प्रार्थना करूया," ते म्हणाले. "तू कर."

मी हात जोडले आणि सुरुवात केली, "हे आमच्या स्वर्गीय पित्या, आजच्या या सभेच्या निमित्तानं..."

शॅरन फस्सकन हसली. तोंडावर हात ठेवून हसली, पण हसली. माझं सगळं भाषण कोसळलं. आठ वर्षांत मला प्रार्थनेत कधी शब्द कमी पडले नव्हते, आणि आता एकही नव्हता. होता तो फक्त राग. मग मी तोच सांगितला.

"देवा, मला राग आलाय. त्या पाळकाचा आलाय, तो रागावत नाही म्हणून. त्या छापखान्याचा आलाय. मंडळीचा आलाय, गुणांवरून भांडणाऱ्या. हा गणपतराव माझ्या खुर्चीत बसलाय, त्याचा आलाय. नामीचा आलाय. तिनं सांगितलेलं सगळं खरं आहे, त्याचा सगळ्यांत जास्त आलाय. आणि माझी पोरगी माझ्यासमोरून दोन वर्षं उठून गेली आणि मला..." पुढं मला येत नव्हतं. "माफ कर," मी म्हटलं. मग वाटलं, हे देवाला म्हटलं तरी ऐकायला या दोघी बसल्यात, तर त्यांच्याकडे बघूनच म्हणावं. डोळे उघडले आणि म्हटलं. दोघींना.

मग नामीनं प्रार्थना केली. तिचा प्रार्थनेचा आवाज मी आठ वर्षांत ऐकला नव्हता. तीही चिडलेली होती, आणि तिचं सगळं माझ्याबद्दल होतं, आणि ते बराच वेळ चाललं. मध्ये दोनदा मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण प्रार्थनेत हरकतीचा मुद्दा घेता येत नाही. शेवटी तिनं माझी गुडघेदुखी थांबावी असं मागितलं. मला गुडघेदुखी आहे हे तिला माहीत होतं! मी कुणाला सांगितलं नव्हतं.

शॅरन म्हणाली, "मला येत नाही मोठी. आज सगळे घरी आहेत, त्याबद्दल थँक्यू." आमेन.

गणपतराव उठले. दारात चप्पल घालताना त्यांना उगीचच फार वेळ लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शमू, माझ्याकडे पुढच्या गुरुवारी यायचंय तुला. उद्याच ये की. माझा थोरला आणि मी... एका घरात राहतो. दोन वर्षं झाली, एक शब्द नाही."

"उद्या शुक्रवार," मी म्हटलं. "सहाला बांधकाम समिती आहे. अध्यक्ष मी आहे."

आतून नामी बघत होती. शॅरनही. गणपतराव चप्पलच घालत होते.

"येतो," मी म्हटलं.

गेलो. साडेआठ वाजेपर्यंत बसलो. काय झालं ते त्यांच्या घरचं आहे, मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की निघताना स्कूटरवरून मला सोडायला त्यांचा थोरला आला आणि बापानं त्याला 'सावकाश जा' म्हटलं.

तिकडं बांधकाम समितीची सभा माझ्या आठ वर्षांच्या कारकिर्दीत प्रथमच अध्यक्षांविना झाली. दीड वर्ष अडलेला शौचालयाचा ठराव वीस मिनिटांत एकमतानं मंजूर झाला, आणि सगळे वेळेवर आपापल्या घरी जेवायला गेले. त्याचा मात्र मला अजून राग आहे.